विचारपूस जिवंतपणी व्हावी
परभणी जिल्ह्याच्या माननीय जिल्हाधिकाऱ्यांस पालमहून खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, परभणी, यांस



आपल्या कचेरीत आमच्या तालुक्याविषयी जे तक्ते महिन्यामागून महिने येत असतात, त्यांत पाऊस किती मिलिमीटर पडला, पेरणी किती हेक्टरांवर झाली, कापूस किती आणि सोयाबीन किती, दिग्रसच्या बंधाऱ्यात पाणी किती उरले, पैसेवारी पन्नासच्या वर गेली की आत राहिली, वसुली किती टक्के झाली, या सर्वांची नोंद असते आणि ती असावी हे योग्यच आहे. परंतु ज्या माणसांनी ती पेरणी केली, ज्यांच्याकडून ती वसुली व्हावयाची आहे आणि ज्यांच्या घरात त्या पावसाकडे कान लावून रात्री जागून काढल्या जातात, त्यांच्या मनावर रोज किती भार पडतो आणि तो ती माणसे कशी पेलतात, याचा रकाना एकाही तक्त्यात नाही. शासनाच्या दप्तरात त्या भाराची नोंद होण्याचा प्रसंग एकच, आणि तो अत्यंत दुःखाचा. एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या आयुष्याचा शेवट केला म्हणजे पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल जातो, आणि सातबारा त्याच्या नावावर होता काय, कर्ज बँकेचे होते की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते काय, वसुलीचा तगादा लागला होता काय, याची छाननी आपल्या अध्यक्षतेखालील समिती करते. प्रकरण पात्र ठरले तर २००६ पासून चालत आलेल्या नियमांप्रमाणे कुटुंबाला १ लाख रुपये, त्यांतील ३० हजार तत्काळ आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने मिळतात, आणि अपात्र ठरले तर कागद दप्तरी दाखल होतो. त्या साहाय्याचे मोल मी कमी लेखीत नाही, कारण कित्येक घरांत त्या रकमेवरच पुढील खरिपाचे बी आले आहे. परंतु या माणसाच्या डोक्यावर कसले ओझे होते, हा प्रश्न शासनाने प्रथम विचारला तो उत्तर देणारा उरला नसताना, ही गोष्ट आपल्यासारख्या जबाबदार अधिकाऱ्याच्याही मनाला लागत असेल असा माझा विश्वास आहे, आणि त्या विश्वासावरच हे पत्र लिहीत आहे.

तथापि हे पत्र मृत्यूंविषयी नाही. ज्यांच्याविषयी कधीच पंचनामा होत नाही आणि व्हावयाचाही नाही, जी माणसे पहाटे उठतात, शेतात जातात, दुकान उघडतात, मुलांना शाळेत धाडतात आणि रात्री छपराकडे पाहत पडून राहतात, अशा हजारोंविषयी ते आहे. पालम हा तालुक्याचा गाव असून त्याच्या दक्षिणेला बालाघाटाची हलकी, मुरमाड राने आणि उत्तरेला गोदेच्या काठची काळी जमीन, असा हा मुलूख दोन तऱ्हेच्या चिंतांत विभागलेला आहे : डोंगराकडच्याला पाऊस आला नाही याची, आणि नदीकाठच्याला तो फार आला याची. लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा पालमशी संबंध तुटतो, आणि त्या दिवशी कोणाचे बाळंतपण असेल, कोणाची परीक्षा असेल, कोणाचा दूधधंदा असेल, ते सारे खोळंबून राहते. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्यात काढणीला आलेल्या सोयाबीनची जी दशा केली, ती आपण पाहिलीच आहे. दसरा सरला की तालुक्यातील कित्येक बिऱ्हाडे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसतोडीला निघतात आणि म्हाताऱ्यांच्या हवाली केलेली लेकरे मागे राहतात. ज्यांचे मुलगे पुण्यात स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासासाठी खोली करून राहिले आहेत, ते बाप दर महिन्याचे पैसे धाडताना निकालाविषयी विचारण्यास भितात, आणि ते मुलगे गावी फोन करण्यास भितात. शेती करणाऱ्या तरुणाला मुलगी देण्यास कोणी तयार होत नाही, हे दुःख तर इतके सार्वत्रिक झाले आहे की त्यावर चावडीत आता कोणी बोलतही नाही.

हा भार शरीरावर कसा उतरतो ते पाहावयाचे असेल तर कोणत्याही खाजगी दवाखान्याच्या बाकावर बसावे. तेथे आलेला माणूस मनाविषयी काही सांगत नाही. तो म्हणतो, अंग लय दुखायलंय, छातीत धडधड व्हायलीय, रात्री डोळ्याला डोळा लागंना, काहीच सुचंना. डॉक्टर नाडी पाहतात, इंजेक्शन देतात, आणि रोगीच आग्रह धरतो की एक सलाईन लावा म्हणजे बरे वाटेल. सलाईन लागते, दोन तास तो माणूस निमूट पडून राहतो, कोणी त्याला उठवीत नाही, कोणी काही मागत नाही, आणि त्याला खरोखरच बरे वाटते. त्या बाटलीतील मिठाच्या पाण्याने त्याच्या व्याधीवर काहीच होत नसते. त्याला गुण येतो तो त्या दोन तासांच्या विसाव्याचा, आणि त्यासाठी त्याला काही दिवसांची मजुरी मोजावी लागते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली मॉन्ट्रियल येथील प्रयोगांवरून दाखवून दिले की थंडी असो, जखम असो की अतिश्रम असो, आघात निरनिराळे असले तरी शरीर त्यांना पुष्कळ अंशी एकाच साच्याने उत्तर देते, आणि आघात दीर्घकाळ चालला तर ते उत्तरच शरीराला पोखरू लागते. पालमच्या बाकावर बसलेल्या माणसाची छाती खरोखरच धडधडत असते. तो ढोंग करीत नाही, आणि तो दुबळाही नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण ताणाची गोष्ट निघाली की सुशिक्षितांच्या तोंडी पहिले वाक्य येते ते मन खंबीर ठेवण्याचे, आणि ज्याने चार नापिकी सोसून पाचवी पेरणी केली त्याला खंबीरपणा शिकविण्याचा अधिकार आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी विशेषेकरून आपल्याला लिहीत आहे तो असा, की या ताणाचा एक मोठा भाग संकटापेक्षा अनिश्चिततेतून उत्पन्न होतो. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वयंसेवकांना हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसण्याची शक्यता कमीअधिक ठेवून त्यांच्या शरीरावर उमटणाऱ्या ताणाच्या खुणा टिपण्यात आल्या, आणि असे आढळले की झटका निश्चित बसणार हे ठाऊक असलेल्या माणसापेक्षा, बसेल किंवा न बसेल अशा निम्म्यानिम्म्या शक्यतेत सापडलेला माणूस अधिक व्याकूळ होतो. हा निष्कर्ष ज्यांनी जून महिना पालममध्ये काढला आहे त्यांना नवा वाटणार नाही. नापिकीचे दुःख मोठे खरे, परंतु नापिकी झाली हे एकदा कळले म्हणजे माणूस कंबर बांधतो, बैल विकतो, ऊसतोडीचा रस्ता धरतो. जो काळ त्याला खातो तो कळण्यापूर्वीचा असतो. पेरावे की थांबावे, पेरलेले उगवेल की दुबार करावे लागेल, भाव हमीचा मिळेल की व्यापारी म्हणेल तो, या प्रश्नांवर आपला काय किंवा कोणाचा काय, इलाज चालत नाही. मेघांवर कोणाचा हुकूम नाही.

पण या नैसर्गिक अनिश्चिततेवर आपण आणि आपल्या कचेऱ्यांनी दुसरी एक कृत्रिम अनिश्चितता रचून ठेवली आहे, आणि तिच्यावर मात्र हुकूम चालतो. पीककर्जासाठी बँकेत गेलेल्याला सोमवारी या असे सांगतात, सोमवारी साहेब नसतात, गुरुवारी एक कागद कमी पडतो आणि तो कागद ज्या कचेरीतून आणावयाचा तेथे यंत्रणा बंद असते. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणीतून करावयाची आहे, आणि बांधावर उभे राहिल्यावर मोबाईलला रेंज मिळत नाही. विमा योजनेत नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट वर्षानुवर्षे होती, आणि ज्या ७२ तासांत नदीने वाट अडविलेली असते, वीज गेलेली असते, नेमक्या त्याच तासांत ती द्यावयाची असे. कर्जमाफी २००८ साली झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. प्रत्येक वेळी यादीत नाव आहे की नाही याची प्रतीक्षा लोकांनी महिनेच्या महिने केली, आणि पुढची होईल या आशेवर कित्येकांनी हप्ता न भरता व्याज वाढवून घेतले. अनुदान मंजूर झाले असे वर्तमानपत्रात छापून येते, खात्यावर ते जमा होत नाही, आणि का होत नाही हे सांगणारा मनुष्य कोणत्या खिडकीत बसतो तेही कळत नाही. यांतील कोणतीही एक अडचण पाहिली तर ती क्षुल्लक आहे. परंतु रोजचा ताण बनतो तो अशाच क्षुल्लकांच्या राशीने.

या फेऱ्यांचा परिणाम केवळ पायांवर होत नाही, बुद्धीवर होतो, हेही सिद्ध झाले आहे. तमिळनाडूतील ऊस पिकविणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांची २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली पाहणी अशी, की एकाच शेतकऱ्याची आकलनाची कसोटी तोडणीपूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना घेतली, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर पुन्हा घेतली. तेव्हा तोच मनुष्य आधीच्या कसोटीत स्पष्टपणे मागे पडला. शिक्षण तेच, बुद्धी तीच, फरक फक्त चिंतेचा. याचा अर्थ असा की ज्या जून-जुलैत माणसाचे चित्त सर्वांत कमी थाऱ्यावर असते, त्याच जून-जुलैत आपण त्याच्याकडून सर्वांत अधिक अर्ज, आधार-जोडण्या, ओळख-क्रमांक आणि सह्या मागतो, आणि त्यात चूक झाली म्हणजे ती त्याच्या अडाणीपणावर घालतो. या अन्यायाला कोणी एक कर्मचारी जबाबदार आहे असे मी म्हणत नाही. तलाठी, ग्रामसेवक, बँकेतील कारकून हीदेखील ताणाखाली पिचलेली माणसे आहेत, आणि एकेकाकडे अनेक गावांचा भार आहे. परंतु जिल्ह्यातील बँकांच्या समन्वय समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे आहे, महसुलाची यंत्रणा आपल्या हाताखाली आहे, आणि म्हणून ही अनिश्चितता आटोक्यात आणण्याचे सामर्थ्य जिल्ह्यात कोणाकडे असेल तर ते आपल्याकडेच आहे.

लोक आजवर या सर्वांस कसे तोंड देत आले, याचाही विचार अवश्य करावा लागेल, कारण कोणतीही योजना रिकाम्या जागेवर उतरत नसते. पालमचा मुलूख पूर्वी गंगाखेडच्याच तालुक्यात होता, आणि गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दासी म्हणून दळणकांडण करीत आयुष्य घालविणाऱ्या या स्त्रीने जात्याच्या खुंट्याशी आपल्या विठ्ठलाला बसविले आणि आपले सारे श्रम, सारे एकटेपण त्याच्याशी बोलून हलके केले; आणि तिच्या मागे शतकानुशतके या गोदाकाठच्या बायकांनी पहाटेच्या अंधारात तेच केले. सासरचा जाच, माहेरची आठवण, लेकराचे आजारपण, नवऱ्याचे व्यसन, अवर्षण, असे जे दिवसाउजेडी उच्चारण्याची सोय नव्हती, ते ओवीत उच्चारता येई, आणि जात्याच्या घरघरीत ते कोणाच्या कानावरही पडत नसे. गी प्वातव्हें आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या पाहिल्या म्हणजे हा केवळ काव्याचा ठेवा नसून दुःख सोसण्याची एक समग्र विद्या होती हे ध्यानी येते. अमेरिकेतील जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दररोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक अनुभवांविषयी लिहावयास लावले, आणि पुढील काही महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाल्याचे त्याला आढळले. आमच्या आजींनी हे चार दिवस नव्हे, चाळीस वर्षे केले.

मग विजेची गिरणी आली. ती यावी यात मला तिळमात्र शंका नाही. पहाटे तीनला उठून दोन पायली दळणाऱ्या बाईच्या खांद्यांचे काय होत असे हे ज्याने पाहिले आहे तो त्या जात्याचे गोडवे गाणार नाही. परंतु गिरणीने दळणाचे श्रम जसे नेले तसा तो बोलण्याचा प्रहरही नेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. शिवाय हेही स्पष्ट म्हटले पाहिजे, की बाई जात्याशी बोलत होती ती ऐकणारे माणूस नव्हते म्हणून. जुन्याची ओढ लागून आपण त्या एकटेपणालाच संस्कृती समजू लागलो तर ते मोठे अनर्थकारक होईल.

पुरुषांनी कसे निभावले? पारावर आणि हरिनामाच्या सप्ताहात. भजनाला बसलेला मनुष्य तास दोन तास एका लयीत श्वास घेतो, चार माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसतो, आणि त्या वेळेपुरता त्याला कोणी देणेकरी म्हणून ओळखीत नाही. इटलीतील बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे दाखविले की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहांवर येते आणि हृदयाच्या ठोक्यांवर तिचा हितकारक परिणाम होतो. तेव्हा वारकऱ्याला जो विसावा वाटतो तो भास नाही. परंतु सप्ताह वर्षातून सात दिवसांचा. उरलेल्या दिवसांत तंबाखूची चिमूट आहे, दारूचे दुकान आहे, आणि अलीकडे रात्री एकपर्यंत बोटाने सरकवीत राहावयाचा मोबाईल आहे. बायकांच्या अंगात येते, मग देवऋषी येतो, गंडा बांधतो, कोंबडे मागतो. याला अडाणीपणा म्हणून धिक्कारणे सोपे आहे. परंतु ज्या बाईचे कोणी ऐकत नाही तिच्या अंगात देवी आली म्हणजे सारे घर हात जोडून तिचे ऐकते, हे ज्याने लक्षात घेतले त्याला तिच्या गरजेचे स्वरूप कळेल. देवऋष्याला हटविण्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आवश्यक होता. परंतु त्याच्या जागी कोणाला बसवावयाचे हे कायदा सांगत नाही.

लाझारस आणि फोकमन या अभ्यासकांनी १९८४ साली ताणाला तोंड देण्याच्या रीतींची जी मांडणी केली तिच्यात दोन वाटा आहेत : कारण आपल्या हातचे असेल तर ते दूर करणे, आणि हातचे नसेल तर त्याने उठलेला क्षोभ सावरणे. ज्याला ज्या प्रसंगी जी वाट योग्य ती सापडली तो तरतो. आमच्याकडे घोटाळा होतो तो असा, की ज्याचे कारण दूर करता येण्यासारखे आहे त्याला आपण सोसण्याचा उपदेश करतो, आणि ज्याला केवळ सोबत हवी आहे त्याच्या हाती एक अर्ज देतो.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे असत्य ठरेल. आत्महत्यांचे प्रमाण अधिक असलेल्या १४ जिल्ह्यांत २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आले, आणि आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन खिन्नतेची लक्षणे विचारावीत अशी योजना झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीत बोलता येते, आणि हे पत्र वाचणाऱ्या ज्या कोणाला आज रात्री झोप येत नसेल त्याने तो क्रमांक अवश्य लावावा. परंतु राज्यातील जी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील, त्यांत मराठवाड्याचे एकही नाही. पालमचा मनुष्य परभणीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे निघाला तर त्याचा दिवस जातो, रोज बुडतो, आणि गावात बातमी होते. दूरध्वनीचे म्हणाल तर ज्या बाईला बोलण्याची सर्वांत अधिक गरज असते, तिच्या घरातील एकुलता एक मोबाईल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. आणि ज्या आशाताईने हे सारे विचारावयाचे, तिच्यावर लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग आणि दर आठवड्याला नवी निघणारी पाहणी यांचा इतका बोजा आहे, आणि तिचा मोबदला इतका अपुरा व अनियमित आहे, की प्रश्नावलीतील नऊ प्रश्न दारात उभ्याउभ्या विचारून ती पुढे गेली तर तिला दोष देता येणार नाही. तिलाच कोणी विचारीत नाही की बाई, तुझी झोप कशी आहे?

तरीही मार्ग आहे, आणि तो आपल्याच राज्यात चालून पाहिलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. तेथे गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे आणि धीर देण्याचे शिक्षण दिले, अवघड रुग्णांसाठी तज्ज्ञ ठराविक दिवशी येत राहिले, आणि दीड वर्षात असे दिसले की खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे पूर्वी शेकडा ४ होते ते शेकडा २७ झाले. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साध्या शिक्षणाच्या समुपदेशकांकरवी हेच सिद्ध केले, आणि झिंबाब्वेच्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने दवाखान्याच्या आवारातील बाकावर वस्तीतल्या आज्यांना बसवून २००६ पासून जे काम चालविले आहे त्याचा गुण तर जगाने मान्य केला आहे. या सर्वांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते, की बहुसंख्य लोकांना औषधाच्या आधी ऐकणारा लागतो, आणि ऐकणे ही शिकविता येण्याजोगी कला आहे. आमच्या तालुक्यातही माणसे आहेत. केरवाडीला सूर्यकांत कुलकर्णी यांनी निराधार मुलांसाठी ‘स्वप्नभूमी’ उभी केली ती याच मातीत, तेव्हा येथे काही रुजत नाही असे म्हणण्यास आधार नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. जिल्ह्यातील प्रत्येक कचेरीने आणि बँकेने खरिपाच्या दिवसांत अर्ज घेताना त्यावर उत्तर कोणत्या तारखेस मिळेल ते लिहून द्यावे, आणि अर्ज फेटाळला तर कारण सरळ मराठीत, एका वाक्यात द्यावे; नकारसुद्धा चालेल, पण तो वेळेवर कळावा. पालमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा सारा तालुका कोणत्या ना कोणत्या कामाने येथे येतोच, तेव्हा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने ग्रामीण रुग्णालयात न चुकता बसावे, आणि ते रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीच्या शेजारीच बसावे, म्हणजे तेथे जाण्याने कोणावर शिक्का बसणार नाही. आशाताईंनी एखाद्या घरात अर्धा तास बसून ऐकले तर ते काम म्हणून मोजले जावे आणि त्याचा मोबदला वेळेवर मिळावा. आणि ज्या कुटुंबांची प्रकरणे अपात्र ठरली, त्या घरांतील विधवांकडे आणि मुलांकडे, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवून, शासनाचे कोणी तरी माणूस वर्षातून चार वेळा जावे. अपात्र ठरले ते प्रकरण, त्या घरातील माणसे अपात्र नव्हेत.

यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि फार मोठी तरतूदही लागत नाही. दर वर्षी पेरणीपूर्वी जिल्ह्यात खरीप हंगामाची आढावा बैठक होते; तीत बियाणे, खते आणि पीककर्ज यांच्या शेजारी हा विषय स्वतंत्र कलम म्हणून यावा, आणि त्या दिवशी अधिकाऱ्यांच्या बरोबरीने पालम तालुक्यातील दोघी-चौघी आशाताईंनाही टेबलाशी बसवून त्यांचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे, एवढी आग्रहाची विनंती आहे.



आपला विनीत,
पालम येथील एक रहिवासी